ट्रेनिंगचा उपयोग झाला का, हे तपासायचं कसं? नाशिकच्या कारखान्यांसाठी टप्प्याटप्प्याने

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी. यांतल्या कुठल्याही कारखान्यात ट्रेनिंगची फाइल उघडली की तीन गोष्टी हमखास सापडतात: हजेरीचा तक्ता, ग्रुप फोटो आणि फीडबॅक फॉर्मचा गठ्ठा. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाचं कलम ७.२ फक्त प्रशिक्षण द्यायला सांगून थांबत नाही, दिलेलं प्रशिक्षण परिणामकारक ठरलं का ते तपासायलाही सांगतं. ही तपासणी पुष्कळ ठिकाणी ऑडिटच्या आठवड्यात उरकली जाते. एचआरचा माणूस फॉर्म घेऊन सुपरवायझरकडे जातो, सुपरवायझर सगळ्यांच्या नावापुढे 'चांगला' लिहून सही करतो आणि विषय संपतो.

यामागे आळस कमी आणि चुकलेला क्रम जास्त असतो. मूल्यमापन हे ट्रेनिंग झाल्यावर करायचं काम आहे अशी समजूत पक्की बसली आहे. त्यामुळे ट्रेनिंगआधी काय परिस्थिती होती याची नोंदच नसते. पावसाळ्याआधी विहिरीची पातळी मोजली नसेल, तर यंदा पाणी किती चढलं हे कुणालाच सांगता येत नाही. इथंही तेच होतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. दोनशे-अडीचशे माणसांचा कारखाना आणि एचआरमध्ये एक-दोन जण, असं धरून हे लिहिलं आहे. वर्षातल्या प्रत्येक ट्रेनिंगसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. ज्यात पैसा आणि माणसांचे तास जास्त जातात अशी दोन-तीन निवडा आणि ती पूर्ण तपासा. बाकीच्यांना टप्पा ४ मधली चाचणी आणि टप्पा ६ मधली एखादी पाहणी पुरते. चाळीस ट्रेनिंगचे चाळीस पोकळ फॉर्म भरण्यापेक्षा तीन ट्रेनिंगचं खरं उत्तर हाताशी असणं कधीही बरं.

## टप्पा १: हा प्रश्न ट्रेनिंगने सुटणारा आहे का?

"बोअरचं रिजेक्शन वाढलंय, ऑपरेटरना ट्रेनिंग द्या." बोअर म्हणजे पार्टमधलं मशीनवर कापलेलं गोल भोक. प्रॉडक्शन मीटिंगमध्ये हे वाक्य इतक्या सहज निघतं की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. तुम्ही विचारा. मशीनपाशी जाऊन तासभर उभे राहा आणि चार गोष्टी बघा.

१. त्याला ते काम करता येतं का? नोकरीवर बेतलं तर तो तेच माप बरोबर घेऊन दाखवील का? दाखवत असेल, तर कमतरता कौशल्याची नाही.

२. लागणारं साधन हातात आहे का? बोअर डायल गेज (भोकाचं माप घ्यायचं उपकरण) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला गेलाय, इन्सर्टचा (कापणाऱ्या हत्याराच्या बदलत्या पात्याचा) स्टॉक संपलाय, मशीनवर लावलेलं ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं आहे. यातलं काहीही असलं तरी दोन दिवसांचं क्लासरूम ट्रेनिंग ते दुरुस्त करणार नाही.

३. बरोबर काम केल्याचा त्याला तोटा होतो का? दर तासाला पीस मोजला की उत्पादनाचा आकडा पडतो आणि आकडा पडला की बोलणी खावी लागतात. असा माणूस चार दिवसांत मोजणं सोडतो. त्याच्या जागी कुणीही सोडेल.

४. चूक झाली हे त्याला वेळेत कळतं का? रिजेक्शनचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी क्वालिटीच्या केबिनमध्ये येत असेल आणि मशीनपर्यंत पोचतच नसेल, तर सुधारणार काय?

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तरच ट्रेनिंग द्या. उरलेल्या तीन कारणांसाठी खरेदी, नियोजन आणि सुपरवायझर यांच्याकडे जावं लागतं.

इशारा: दुसऱ्या-तिसऱ्या कारणावर ट्रेनिंगचा उतारा दिला, तर पुढचं मूल्यमापन कितीही काटेकोर करा, निकाल 'उपयोग झाला नाही' असाच येईल. दोष मात्र ऑपरेटरच्या माथी जाईल. हा अन्याय वारंवार होतो, म्हणून हा टप्पा गाळू नका.

## टप्पा २: शेवटाकडून मागे या

प्रशिक्षण-मूल्यमापनाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या एचआर शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतात: प्रतिक्रिया, शिकणं, वागणूक, परिणाम. मोजमापही लोक याच क्रमाने सुरू करतात आणि पहिल्या पातळीवरच दमून थांबतात. नियोजन करताना हा क्रम उलटा धरा. वर सांगितलेल्या, बोअर कापणाऱ्या ऑपरेटरांचंच उदाहरण घेऊ.

परिणाम. कुठला आकडा हलला पाहिजे? 'गुणवत्ता सुधारेल' असं लिहू नका. 'अमुक पार्टचं बोअर-साइजमुळे होणारं रिजेक्शन' असं लिहा. शेजारी तो आकडा कुठल्या रजिस्टरमधून किंवा सिस्टिमच्या कुठल्या रिपोर्टमधून येतो आणि तो कोण भरतं, हेही लिहा.

वागणूक. तो आकडा हलायचा तर मशीनवर रोज काय घडायला हवं? शिफ्ट सुरू होताना गेज मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कडीवर) शून्य करणं. पहिला पीस मंजूर झाल्याशिवाय पुढचा न लावणं. दर तासाचं माप त्याच तासाला लिहिणं, शिफ्ट संपताना एकदम आठ आकडे न भरणं. इन्सर्ट बदलला की पुन्हा माप घेणं. माप टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) कडेकडे सरकायला लागलं की वेळेत ऑफसेट देणं, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरणं. एवढ्या पाच गोष्टी पुरेत, पंधरा नकोत.

शिकणं. या पाच गोष्टी करायला काय यावं लागतं? डायलचं लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप), माप वाचणं, ऑफसेट कुठल्या दिशेला आणि किती द्यायचा, हे.

प्रतिक्रिया. शिकवलेलं समजलं का आणि उद्या कामावर वापरता येईल का, एवढंच.

'जाणीव निर्माण होणे', 'मानसिकता बदलणे', 'टीमवर्क वाढणे' हे शब्द या कागदावर येऊ देऊ नका. ते डोळ्यांना दिसत नाहीत. जे दिसत नाही त्यावर तीन महिन्यांनी वाद होतो आणि वादात मोठ्या खुर्चीचं मत जिंकतं.

हा कागद एचआरने एकट्याने लिहायचा नाही. प्रॉडक्शन मॅनेजरसमोर बसा आणि एकच प्रश्न विचारा: "साहेब, तीन महिन्यांनी काय दिसलं तर तुम्ही म्हणाल, पैसे वसूल झाले?" पहिलं उत्तर गोल येईल. दुसऱ्यांदा विचारा. नेमकं उत्तर मिळालं की ते त्यांच्याच शब्दांत लिहून सही घ्या. पुढची अर्धी भांडणं इथंच मिटतात.

तपासा: वागणुकीच्या यादीतली प्रत्येक ओळ एखाद्या तिऱ्हाईत माणसाला मशीनशेजारी उभं राहून 'हो' किंवा 'नाही' म्हणून सांगता येते का? येत नसेल तर ती ओळ पुन्हा लिहा.

## टप्पा ३: आधीची नोंद घ्या

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथं हुकलेली गोष्ट नंतर कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

किमान आठ ते बारा आठवड्यांचा आकडा घ्या. मागच्या एका महिन्याचा आकडा घेऊन चालत नाही. ट्रेनिंगची मागणी नेहमी सर्वांत वाईट महिन्यानंतर येते. वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता थोडा बरा जातोच, कारण आकडे सरासरीकडे परततात. त्या एका महिन्याशी तुलना केली तर कुठलंही ट्रेनिंग यशस्वी दिसेल.

नाशिकचं कॅलेंडर विसरू नका. आपल्याकडच्या कामगारांपैकी पुष्कळांच्या घरी निफाड, दिंडोरी, चांदवड भागात शेती आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी, पुढे काढणी, मग एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. या दिवसांत रजा वाढतात, बदली माणसं मशीनवर येतात आणि रिजेक्शन त्यामुळेही वाढतं. दिवाळीच्या आधीची घाई आणि नंतरची रिकामी लाइन, चैत्रात सप्तशृंगी गडाची यात्रा, पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा, सिंहस्थाच्या काळात कामावर पोचायलाच लागणारा वेळ, या सगळ्यांचा हजेरीवर परिणाम होतो. ऑक्टोबरमध्ये 'आधीची' नोंद घेतली आणि डिसेंबरमध्ये 'नंतरची', तर सुधारणा ट्रेनिंगमुळे झाली की छाटणी संपल्यामुळे, हे कुणाला सांगता येणार नाही. शक्य असेल तर मागच्या वर्षीचे तेच महिनेही शेजारी मांडा.

सगळ्यांना एकाच वेळी ट्रेनिंग देऊ नका. तुलनेसाठी वेगळा गट हवा म्हटलं की लोक बिचकतात. पण काहींना ट्रेनिंग द्यायचंच नाही असा याचा अर्थ होत नाही. तसंही चोवीस ऑपरेटर एकदम लाइनवरून काढता येत नाहीत. पहिली बॅच आत्ता घ्या, दुसरी दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात दुसरी बॅच ही तुमची तुलना. बॅच पाडताना मशीनच्या गटाप्रमाणे पाडा. एकाच मशीनवरचा एक ऑपरेटर पहिल्या बॅचला आणि दुसरा नंतरच्या बॅचला असं केलं तर शिकलेलं आपोआप पसरेल. ते चांगलंच आहे, पण तुलना बिघडेल. आणि सुपरवायझरच्या मर्जीतली माणसं पहिल्या बॅचला घेऊ नका. ती आधीच बरी काम करत असतात.

एक वही ठेवा. ट्रेनिंगच्या आगेमागे आणखी काय बदललं ते तारखेसह लिहीत जा: नवा फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारी जोडणी), कच्च्या मालाचा दुसरा पुरवठादार, बदललेला सुपरवायझर, वाढवलेलं टार्गेट. तीन महिन्यांनी हे कुणाच्याही लक्षात नसतं.

वागणुकीचीही आधीची नोंद घ्या. टप्पा २ मधल्या पाच ओळींची यादी घेऊन प्रत्येक ऑपरेटरकडे दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये जा. कशासाठी बघताय ते सांगा. यूनियन असेल तर कमिटीला आधीच विश्वासात घ्या.

इशारा: या नोंदींचा पगारवाढीशी, अप्रेझलशी किंवा मेमोशी संबंध जोडायचा नाही, आणि तो जोडणार नाही हे प्लँट हेडच्या तोंडून सगळ्यांना ऐकवा. एकदा जोडला की त्या दिवसापासून कागदावर फक्त सोयीचे आकडे येतील.

## टप्पा ४: चाचणी, आधी एकदा आणि नंतर दोनदा

ट्रेनिंगआधी आणि ट्रेनिंग संपताना एकच कठीणपणाची, पण वेगळ्या प्रश्नांची चाचणी घ्या. तीच प्रश्नपत्रिका ठेवली तर पहिल्या बॅचकडून दुसऱ्या बॅचपर्यंत उत्तरं चहाच्या टपरीवर पोचतात.

हातांनी करायच्या कामाची चाचणी हातांनीच घ्या. गेज, मास्टर रिंग आणि आधी मोजून ठेवलेले पाच पीस टेबलावर मांडा. माप घेऊन सांगायला लावा. लेखी पेपरात लीस्ट काउंटची व्याख्या बिनचूक लिहिणारा माणूस डायल उलटा वाचू शकतो. आणि लिहिण्याची सवय सुटलेला, खानदेशातून आलेला जुना ऑपरेटर पेपरात नापास होईल, पण मापात तुम्हालाच चूक दाखवील. लेखी भाग ठेवायचाच असेल तर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत ठेवा. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कामगाराची भाषेत परीक्षा घेण्याचं कारण नाही.

गुणांची नुसती वजाबाकी फसवते. २० पैकी १६ वरून १८ वर जाणारा आणि ६ वरून ८ वर जाणारा, दोघांचे दोनच गुण वाढले. म्हणून शिकायला जितकी जागा होती त्यातली किती भरली ते बघा: नंतरचे गुण वजा आधीचे गुण, भागिले पूर्ण गुण वजा आधीचे गुण. १६ वरून १८ म्हणजे चारपैकी दोन, अर्धी जागा भरली. ६ वरून ८ म्हणजे चौदापैकी दोन, जवळजवळ काहीच नाही.

ट्रेनिंगआधीच सगळ्यांना बरोबर आलेले प्रश्न काढून टाका. आणि असे प्रश्न निम्म्याहून जास्त निघाले, तर ट्रेनरला फोन करून विषयच बदलायला सांगा. हा फोन वेळेत करता यावा म्हणून आधीची चाचणी ट्रेनिंगच्या सकाळी न घेता आठवडाभर आधी घ्या.

तिसरी चाचणी चार ते सहा आठवड्यांनी, फक्त दहा मिनिटांची, मशीनजवळच. संध्याकाळी पाच वाजता आलेले गुण आठवणीचे असतात. महिन्यानंतर जे उरतं तेच कामाचं.

## टप्पा ५: फीडबॅक फॉर्म, पण छोटा

इथं फार रेंगाळू नका. 'ट्रेनर कसा वाटला', 'जेवण कसं होतं', 'हॉल कसा होता' असे बारा प्रश्न आणि पाचपैकी गुण, या फॉर्मवर सगळेच पाच-पाच देतात. दिवसभर समोर उभं राहून शिकवणाऱ्या सरांना तोंडावर तीन गुण द्यायला कुणाचंही मन होत नाही. चार प्रश्न पुरेत, नाव न लिहिता:

१. आज शिकलेल्यातलं काय तुम्ही या आठवड्यात वापरणार?
२. ते वापरताना काय आडवं येईल?
३. कुठला भाग समजला नाही?
४. कुठला भाग तुम्हाला आधीच येत होता?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं त्याच संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजरकडे पोचवा. 'आमच्या लाइनवर मास्टर रिंगच नाही' असं चौघांनी लिहिलं असेल, तर ती रिंग आठवड्यात यायला हवी.

तपासा: फॉर्मची सरासरी ४.७ आली म्हणून व्यवस्थापनाला 'ट्रेनिंग यशस्वी' असा मेल गेलाय का? गेला असेल तर दुरुस्तीचा मेल पाठवा. लोकांना दिवस आवडला, इतकंच त्या आकड्यावरून कळतं.

## टप्पा ६: शॉप फ्लोअरवर जाऊन बघा

टप्पा ३ मध्ये वापरलेली तीच यादी, तीच माणसं, तशाच वेळा. ट्रेनिंगनंतर ३०, ६० आणि ९० दिवसांनी.

कोणी बघायचं? ऑपरेटरच्या थेट सुपरवायझरने एकट्याने नको. आपल्या लाइनची माणसं चांगली दिसावीत असं त्याला वाटणारच. शेजारच्या लाइनचा सुपरवायझर किंवा क्वालिटीचा इन्स्पेक्टर आणि एचआर अशी जोडी करा. सुरुवातीला दोघांनी एकाच ऑपरेटरला एकाच वेळी बघून वेगवेगळ्या कागदांवर खुणा कराव्यात आणि मग कागद जुळवावेत. पाचपैकी दोन ओळींवर मतभेद झाला, तर दोष यादीत आहे. 'वेळेत' म्हणजे किती मिनिटांत, हे लिहायचं राहिलेलं असतं.

माणूस समोर उभा राहिला की सगळे नीट वागतात, हे खरं. त्यावर दोन उपाय आहेत. पाहणी लांबवा, वीस मिनिटांनी ऑपरेटर तुम्हाला विसरून त्याच्या नेहमीच्या पद्धतीवर येतो. आणि मागे उरणाऱ्या खुणा बघा. तासातासाचे आठही आकडे एकाच पेनाने, एकाच ओघात लिहिलेले दिसले की ते कधी लिहिले ते कळतं. गेजच्या पेटीवर धूळ आहे का, इन्सर्ट बदलल्याची नोंद आणि त्यानंतरचं माप यांच्या वेळा जुळतात का, हेही कागद आणि टेबल न बोलता सांगतात. तिसऱ्या शिफ्टला एकदा तरी जा.

'नाही' अशी खूण झाली की तिथंच शांतपणे विचारा, "भाऊ, हे का राहिलं?" आणि उत्तर चार रकान्यांत टाका: आठवत नाही, जमत नाही, साधन नाही, करू दिलं जात नाही. या चार रकान्यांतले आकडे हा सगळ्या मूल्यमापनाचा गाभा आहे. पहिल्या दोघांसाठी पुन्हा सराव द्यावा लागेल. शेवटच्या दोघांसाठी ट्रेनिंगचा काडीचाही उपयोग नाही.

हंगामी कामाला ३०-६०-९० चा हिशेब लागू पडत नाही. पिंपळगाव बसवंत, मोहाडीकडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये हंगाम काही महिन्यांचाच. नव्वद दिवसांनी बघायला जाल तेव्हा शेड रिकामी असेल. हात धुण्याचं, घडातले खराब मणी कात्रीने काढण्याचं आणि पनेटचं (द्राक्षं भरायच्या छोट्या डब्याचं) वजन अचूक भरण्याचं ट्रेनिंग दिलं असेल, तर पाहणी दुसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी करा. तिथं जेवणाच्या सुटीनंतरची पहिली दहा मिनिटं बघा. सकाळी सगळ्या ताई रांगेत हात धुतात. सुटीनंतर नळ दोनच असतील आणि बेल्ट सुरू झाला असेल, तर कुणाला थांबता येत नाही. म्हणजे पुन्हा नळांचाच प्रश्न.

## टप्पा ७: सुपरवायझर आणि मॅनेजरचं ट्रेनिंग असेल तर

इथं मोजमाप अवघड होतं, म्हणून लोक ते सोडून देतात आणि रिसॉर्टवरच्या दोन दिवसांचे फोटो तेवढे उरतात. पण ऑपरेटरपदावरून बढती मिळालेल्या माणसाला माणसं सांभाळायला शिकवणं हा कारखान्यातला सर्वांत मोलाचा खर्च आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तो तपासण्याचे कष्टही घ्यायला हवेत.

वेळ जास्त द्या. ९० दिवसांवर थांबू नका, सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

स्वतःला दिलेल्या गुणांवर विसंबू नका. ट्रेनिंगआधी सुपरवायझर 'ऐकून घेण्या'त स्वतःला पाचपैकी चार देतो. ट्रेनिंगनंतर ऐकून घेणं म्हणजे काय ते त्याला कळतं आणि तो स्वतःला तीन देतो. कागदावर घसरण दिसते, प्रत्यक्षात त्याची मोजपट्टी बदललेली असते. त्यामुळे ट्रेनिंगनंतर दोन्ही प्रश्न एकत्र विचारा: तेव्हा तुम्ही कुठे होता असं आज वाटतं, आणि आज कुठे आहात?

हाताखालच्या माणसांना विचारा, पण मत विचारू नका, घटना विचारा. 'तुमचा सुपरवायझर चांगला लीडर आहे का?' याला उत्तर नसतं. त्याऐवजी: गेल्या दोन आठवड्यांत शिफ्ट सुरू होताना आजचं काम समजावून सांगितलं का? चूक झाली तेव्हा चारचौघांत बोलले की बाजूला घेऊन? रजा मागितल्यावर त्याच दिवशी उत्तर मिळालं का? तुम्ही सांगितलेली एखादी अडचण पुढे गेली का? बंद पेटीत चिठ्ठ्या टाकायला सांगा. एका सुपरवायझरसाठी किमान पाच उत्तरं आली नाहीत, तर तो कागद उघडूच नका. कोण काय बोललं ते लगेच ओळखू येतं आणि पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

रजिस्टरमधल्या खुणा. शिफ्ट हँडओव्हरची वही भरली जाते का आणि त्यात 'सर्व ओके'शिवाय काही असतं का? न सांगता होणाऱ्या गैरहजेरीचं प्रमाण, प्रलंबित तक्रारी, सुचवलेल्या सुधारणा आणि त्यांना मिळालेली उत्तरं.

वरचा साहेब काय करतो? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. ट्रेनिंगला जाण्याआधी आणि आल्यावर त्याच्या मॅनेजरने त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलावं, त्यात दोन गोष्टी ठरवाव्यात, आणि महिन्याने त्या दोनच गोष्टींबद्दल विचारावं. हे बोलणं झालं की नाही, हाच मूल्यमापनातला एक रकाना करा. "ते ट्रेनिंगमधलं राहू द्या, आधी डिस्पॅच बघा," असं पहिल्याच दिवशी ऐकलेल्या सुपरवायझरकडून बदलाची अपेक्षा कशी करायची?

शेवटी प्रशिक्षण-मूल्यमापनाचे अभ्यासक रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची एक पद्धत वापरा. छोट्या कारखान्याला ती छान जमते. तीन महिन्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: शिकलेलं वापरून काही ठोस घडलं का? ज्यांनी सर्वांत जास्त वापरलं असे तिघे-चौघे आणि ज्यांनी अजिबात वापरलं नाही असे तिघे-चौघे निवडा. प्रत्येकाशी अर्धा तास बोला. पहिल्यांकडून पुरावा मागा: वही, आकडा, साक्ष. दुसऱ्यांना कारण विचारा. हे बोलणं कुणावर ठपका ठेवण्यासाठी नाही, हे आधी सांगा आणि तसंच वागा.

## टप्पा ८: आकडे मांडा, मगच रुपयांकडे जा

एक काल्पनिक हिशेब करून बघू. पहिल्या बॅचचं रिजेक्शन ट्रेनिंगआधी २.८ टक्के, नंतर १.७. दुसऱ्या, अजून ट्रेनिंग न झालेल्या बॅचचं त्याच काळात २.९ वरून २.५. पहिल्या बॅचची सुधारणा १.१, पण ०.४ इतकी सुधारणा ट्रेनिंगशिवायही झाली. तेवढी वजा करा. ट्रेनिंगच्या वाट्याला ०.७ आले.

त्या मशीनवर महिन्याला ४०,००० पीस निघत असतील तर २८० पीस वाचले. भंगाराची किंमत वजा जाता एका रिजेक्ट पीसमागे ११० रुपये तोटा धरला, तर महिन्याला ३०,८०० रुपये.

आता खर्च. इथं बहुतेक जण फक्त ट्रेनरची फी लिहितात. बारा ऑपरेटर दोन दिवस मशीनवर नव्हते, ते कोण लिहिणार? फी ३०,०००, रोजचे ९०० धरून बारा जणांचा दोन दिवसांचा पगार २१,६००, चहा-जेवण ३,६००, साहित्य ४,०००, पाहणी करणाऱ्यांचा वेळ ४,०००. एकूण ६३,२००. दोन महिन्यांच्या आसपास पैसे सुटतात. सहा महिन्यांचा फायदा १,८४,८०० धरला तर निव्वळ १,२१,६०० रुपये, म्हणजे खर्चाच्या १९२ टक्के.

इशारा: पीसमागचा तोटा तुम्ही ठरवू नका, अकाउंट्सकडून लेखी घ्या. फायदा कायमचा धरू नका, सहा महिन्यांपुरताच मोजा. आणि वहीत त्याच काळात नवा फिक्स्चर आल्याची नोंद असेल, तर तेही अहवालात लिहा आणि दावा त्या प्रमाणात कमी करा. फुगवलेला एक आकडा सापडला की पुढच्या पाच खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक ट्रेनिंगचे रुपये काढायचा अट्टहासही नको. लहान कारखान्यात अपघात इतके थोडे होतात की सुरक्षेच्या ट्रेनिंगनंतर ते दोनवरून एकावर आले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथं थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद बघा. चांगल्या ट्रेनिंगनंतर ही नोंद सुरुवातीला वाढते, कारण लोक सांगायला लागतात. वाढलेला आकडा पाहून घाबरणाऱ्या व्यवस्थापनाला हे आधीच समजावून ठेवा. नाहीतर 'रिपोर्ट कमी करा' असा तोंडी निरोप लाइनवर जातो आणि होता तो फायदाही बुडतो.

## टप्पा ९: निर्णय घ्या

अहवाल एका पानाचा करा: काय ठरलं होतं, आधी काय होतं, नंतर काय झालं, काय आडवं आलं, आणि आता काय करायचं. शेवटच्या ओळीला चारच पर्याय ठेवा. दुसऱ्या बॅचला हेच ट्रेनिंग द्या. बदल करून द्या. ट्रेनिंग थांबवून आधी अडथळा काढा. बंद करा. 'समाधानकारक' हा पर्याय ठेवू नका, कारण त्यापुढे कुणाला काही करावं लागत नाही.

प्रत्येक अडथळ्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख हवी. चाचणी, पाहणीची यादी आणि हे पान एकत्र लावून ठेवलं की ऑडिटला वेगळी तयारी लागत नाही. स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला कुठलं काम किती येतं त्याच्या तक्त्यात) ऑपरेटरची पातळी ९० दिवसांच्या पाहणीनंतरच वर न्या, हजेरीच्या जोरावर नको.

ज्यांची पाहणी केली त्या ऑपरेटरांना निकाल दाखवा. लाइनचा आकडा बोर्डावर लावा, माणसांची नावं नकोत. त्यांनी सांगितलेल्या अडथळ्यांपैकी कुठले दूर झाले आणि कुठले राहिले, तेही त्याच बोर्डावर लिहा.

पुढच्या वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर ठरवायच्या बैठकीला ही पानं घेऊन बसा आणि कॅलेंडरमध्ये एक रकाना वाढवा: 'आधीची नोंद कोण, कधी घेणार'. हा रकाना रिकामा असेल तर त्या विषयाची तारीख ठरवू नका.